मुहम्मद अली ज्यांना स्वतःपेक्षा मोठे मानत : शुगर रे रॉबिन्सन

जगातला सर्वांत मोठा बॉक्सर कोण, हा प्रश्न आपल्या घरात कुणालाही विचारून बघा. उत्तर एकच येणार : मुहम्मद अली. नानाजान तेच सांगतील, अब्बा तेच सांगतील, आणि अलींची एकही लढत पूर्ण न पाहिलेला सातवीतला मुलगाही तेच सांगेल. यात वाद घालण्यासारखे काही आहे, असे आपल्याला वाटतच नाही. अलींनी इस्लाम स्वीकारला, व्हिएतनाम युद्धासाठी सैन्यात जायला नकार दिला आणि त्यापायी जगज्जेतेपद गमावले. एवढी किंमत मोजणारा माणूस आपल्याला जवळचा वाटणारच.

पण हाच प्रश्न खुद्द अलींना विचारला की उत्तर वेगळे मिळे. स्वतःला छातीठोकपणे सर्वश्रेष्ठ म्हणवणारे अली या एका ठिकाणी नम्र होत. हेवीवेट म्हणजे सगळ्यांत वजनदार गटात आपण पहिले, पण सगळे गट एकत्र धरले तर पहिला मान शुगर रे रॉबिन्सन यांचा, असे ते सांगत. लहानपणापासून रॉबिन्सन हेच त्यांचे आदर्श होते.

आपल्यापैकी किती जणांनी हे नाव ऐकले आहे? फार नाही. म्हणून या रॉबिन्सन यांची हकिकत आज सांगायची आहे. सोबत एक प्रश्नही सोडवून बघायचा आहे : सर्वश्रेष्ठ ठरवायचा तो कसा? आपला माणूस म्हणून वजन टाकायचे, की तराजू आधी सरळ धरायचा?

नाव उसने घेतलेले

रॉबिन्सन यांचे खरे नाव वॉकर स्मिथ ज्युनियर. जन्म ३ मे १९२१ चा. घर कृष्णवर्णीय, कष्टकरी आणि गरीब. वॉकरचे बालपण डेट्रॉईट शहरात गेले. तिथल्या ब्रूस्टर व्यायामशाळेत त्या वेळी जो लुई नावाचा एक तरुण सराव करायचा. हाच पुढे हेवीवेटचा जगज्जेता झाला. वॉकर त्याच्यापेक्षा सात वर्षांनी लहान. लुईची बॅग उचलून त्याच्या मागे मागे चालण्यात या पोराला धन्य वाटायचे.

पुढे आई तिन्ही मुलांना घेऊन न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत आली. वडील मागेच राहिले. आई राबायची आणि वॉकर रस्त्यावर नाचून चार पैसे मिळवायचा. नाचात पाय कसे पडतात, तोल कसा सांभाळायचा, ताल कुठे बदलायचा, हे सगळे तो तिथेच शिकला आणि पुढे रिंगमध्ये तेच कामाला आले. हार्लेममधल्या एका चर्चच्या तळघरात बॉक्सिंगची तालीम चाले. तिथे जॉर्ज गेनफर्ड हे प्रशिक्षक त्याला भेटले आणि जवळजवळ सगळी कारकीर्द त्याच्यासोबत राहिले.

हौशी स्पर्धेत उतरायला संघटनेचे ओळखपत्र लागे आणि वॉकरचे वय त्यासाठी कमी होते. तेव्हा रे रॉबिन्सन नावाच्या दुसऱ्या एका मुलाचे कार्ड त्याच्या हातात आले. त्याच नावाने तो लढला, जिंकला, आणि ते नाव त्याला कायमचे चिकटले. त्याची लढण्याची पद्धत साखरेसारखी गोड आहे अशी तारीफ झाली आणि नावापुढे ‘शुगर’ लागले. पुढे कितीतरी बॉक्सरांनी स्वतःच्या नावाला ‘शुगर’ जोडले, त्यात शुगर रे लिओनार्ड सर्वांत प्रसिद्ध. पण मूळ साखर ही.

हौशी कारकिर्दीत ते ८५ लढती लढले आणि एकही हरले नाहीत, असे सांगितले जाते. १९३९ आणि १९४० अशी लागोपाठ दोन वर्षे त्यांनी गोल्डन ग्लोव्हज स्पर्धा जिंकली. ४ ऑक्टोबर १९४० रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये त्यांनी पहिली व्यावसायिक लढत दिली आणि दुसऱ्याच फेरीत ती संपवली. वय वर्षे १९.

एक पराभव, मग आठ वर्षे नाही

पहिल्या ४० व्यावसायिक लढती त्यांनी जिंकल्या. ५ फेब्रुवारी १९४३ रोजी डेट्रॉईटमध्ये जेक लामोटाने त्यांना हरवले. ‘रेजिंग बुल’ हा सिनेमा ज्यांनी पाहिला असेल, त्यांना लामोटा माहीत असेल. लामोटा त्यांच्यापेक्षा सुमारे सात किलो जास्त वजनाचा होता. त्याने आठव्या फेरीत रॉबिन्सनना दोरांतून रिंगबाहेर फेकले.

अशा माराने एखादा महिनाभर अंथरुणाला खिळला असता. रॉबिन्सननी अवघ्या तीन आठवड्यांत त्याच शहरात त्याच लामोटाला हरवले. हे दोघे एकूण सहा वेळा भिडले आणि पाच वेळा रॉबिन्सन जिंकले. त्या पहिल्या पराभवानंतर सलग ९१ लढती, म्हणजे जुलै १९५१ पर्यंत आठ वर्षांहून जास्त काळ, त्यांना कुणीही हरवू शकले नाही. आजचे नावाजलेले बॉक्सर वर्षाला एक-दोन लढती देतात. रॉबिन्सन कधी कधी एका महिन्यात दोन-तीन लढती देत. हा फरक लक्षात ठेवा, पुढे तो कामाला येणार आहे.

लामोटाचा हिशेब चुकता केला त्याच्या दुसऱ्याच दिवशी ते सैन्यात दाखल झाले. दुसरे महायुद्ध चालू होते. जो लुई आणि रॉबिन्सन मिळून छावण्यांमध्ये सैनिकांसाठी प्रदर्शनीय लढती करत. त्या काळी अमेरिकेच्या सैन्यातही गोऱ्या-काळ्यांचा भेद पाळला जाई. मिसिसिपीमधल्या एका तळावर काळ्या सैनिकांना लढत बघायला मनाई होती. आमच्याच माणसांना बसू देणार नसाल तर आम्ही लढणार नाही, अशी भूमिका रॉबिन्सननी घेतली. १९४४ मध्ये मात्र ते न्यूयॉर्कच्या छावणीतून नाहीसे झाले आणि काही दिवसांनी इस्पितळात सापडले. जिन्यावरून पडून स्मृती गेली होती, असे त्यांचे म्हणणे. सैन्याने त्यांना सन्मानपूर्वक मोकळे केले, पण पळपुटेपणाचा आरोप करणारी वर्तमानपत्रे पुढेही गप्प बसली नाहीत.

आता एक साधा प्रश्न. इतके जिंकणाऱ्या माणसाला जगज्जेतेपदाची लढत कधी मिळाली? डिसेंबर १९४६ मध्ये, म्हणजे सहा वर्षांनी! त्या काळी अमेरिकेतले बॉक्सिंग बऱ्याच अंशी गुंड टोळ्यांच्या मुठीत होते. त्यांच्याशी जमवून घेतल्याशिवाय वरची दारे उघडत नसत. लामोटाने १९६० मध्ये अमेरिकन सिनेटच्या समितीपुढे कबूल केले की, जगज्जेतेपदाची संधी मिळावी म्हणून तो १९४७ ची एक लढत मुद्दाम हरला होता. रॉबिन्सन या लोकांच्या हाती गेले नाहीत. त्यांचे व्यवहार ते स्वतः बघत आणि आयोजकांशी पैशांवरून भांडत. हट्टी आणि हिशेबी अशी त्यांची ख्याती झाली. पण संधी आली तेव्हा, २० डिसेंबर १९४६ रोजी, टॉमी बेलला हरवून त्यांनी वेल्टरवेट गटाचे, म्हणजे सुमारे ६७ किलोपर्यंतच्या गटाचे, जगज्जेतेपद मिळवले.

क्लीव्हलँडची ती रात्र

रॉबिन्सन यांची गोष्ट सांगताना जिमी डॉयलचे नाव टाळता येत नाही.

२४ जून १९४७ रोजी क्लीव्हलँड शहरात डॉयलविरुद्ध त्यांची जगज्जेतेपदाची लढत होती. डॉयल २२ वर्षांचा. लढतीच्या आदल्या रात्री रॉबिन्सनना स्वप्न पडले की आपल्या ठोशाने डॉयल मेला आहे. सकाळी उठून त्यांनी लढायलाच नकार दिला. तिकिटे विकली गेली होती, आयोजक घाबरले. शेवटी पाद्रींनी येऊन समजूत घातली की स्वप्नाला काही अर्थ नसतो, तेव्हा ते तयार झाले.

आठव्या फेरीत रॉबिन्सन यांचा डावा हूक डॉयलच्या जबड्यावर बसला. डॉयल सरळ मागे पडला आणि त्याचे डोके जमिनीवर आदळले. तो शुद्धीवर आला नाही. दुसऱ्या दिवशी इस्पितळात त्याचा मृत्यू झाला.

चौकशी झाली. डॉयल अडचणीत आहे हे दिसत होते का, असे रॉबिन्सनना विचारण्यात आले. समोरच्याला अडचणीत आणणे हाच आपला धंदा आहे, अशा अर्थाचे उत्तर त्यांनी दिले. ते अनेकांना निर्दय वाटले. पण त्या उत्तरात खोटे काय होते? बॉक्सिंग म्हणजे तेच. आईसाठी घर घेण्याचे डॉयलचे स्वप्न होते, हे कळल्यावर रॉबिन्सननी पुढच्या कमाईतून त्या आईसाठी पैशांची सोय केली. त्याने मुलगा परत येणार नव्हता.

बॉक्सिंगचे नंबर लावताना या आईचीही आठवण ठेवावी, असे आम्हाला वाटते. नॉकआउटचा आकडा शंभराच्या वर गेला हे आपण कौतुकाने वाचतो. त्या आकड्यात डॉयलही आहे.

मिडलवेटचा मुकुट पाच वेळा

सुमारे ७२ किलोपर्यंतच्या मिडलवेट गटाचा किताब त्यांनी १४ फेब्रुवारी १९५१ रोजी शिकागोत मिळवला. समोर पुन्हा तोच लामोटा. तेराव्या फेरीत पंचांनी लढत थांबवली. लामोटा दोरांना धरून उभाच होता, पडला नाही, पण त्याच्यात ताकद उरली नव्हती.

मग युरोपचा दौरा. पॅरिस तर त्यांच्यावर फिदा झाले होते. सोबत प्रशिक्षक, सचिव, केस कापणारा, नातेवाईक असा सगळा लवाजमा, आणि जहाजातून नेलेली गुलाबी कॅडिलॅक गाडी. मे ते जुलै या काळात शहर बदलत त्यांनी सहा लढती दिल्या. सातवी १० जुलै १९५१ रोजी लंडनमध्ये, रँडी टर्पिन या २३ वर्षांच्या तरुणाशी. थकलेले रॉबिन्सन हरले. त्या रात्रीपर्यंत सव्वाशेहून जास्त विजय आणि एकच पराभव असा त्यांचा हिशेब होता.

दोन महिन्यांनी, १२ सप्टेंबरला, न्यूयॉर्कच्या मैदानात ६० हजारांवर प्रेक्षकांसमोर दोघे पुन्हा भिडले. दहाव्या फेरीत रॉबिन्सन यांच्या डोळ्यावरची जखम फाटली आणि रक्त वाहू लागले. पंच कधीही लढत थांबवतील अशी अवस्था. अशा वेळी माणूस बचाव करतो. रॉबिन्सन तुटून पडले. ठोशांचा असा पाऊस पडला की फेरी संपायला काही सेकंद उरले असताना पंचांनी टर्पिनला वाचवले. किताब परत आला.

२५ जून १९५२ रोजी ते आणखी वरच्या, म्हणजे सुमारे ७९ किलोच्या लाइट हेवीवेट गटात जोई मॅक्सिमसमोर उतरले. न्यूयॉर्कमध्ये त्या रात्री भयंकर उकाडा होता, रिंगमध्ये ४० अंशांच्या आसपास. दहाव्या फेरीनंतर पंचच गळून गेले आणि दुसरे पंच आणावे लागले. तिन्ही गुणपत्रिकांवर रॉबिन्सन पुढे होते. तेराव्या फेरीत ठोसा मारताना ते स्वतःच तोंडावर आपटले, आणि चौदाव्या फेरीला त्यांना स्टुलावरून उठता आले नाही. सुमारे २०० लढतींच्या कारकिर्दीत पूर्ण वेळ उभे राहता न आल्याने हरण्याची ही एकमेव वेळ. तेही मॅक्सिमच्या ठोशांपेक्षा त्या उकाड्यामुळे.

वर्षअखेरीस ते निवृत्त झाले आणि रंगमंचावर नाचू लागले. ते फार चालले नाही. हार्लेममधले धंदेही तोट्यात गेले. १९५५ मध्ये ते परतले आणि ३४ व्या वर्षी पुन्हा जगज्जेते झाले. जानेवारी १९५७ मध्ये जीन फुलमरने किताब हिसकावला. १ मे १९५७ रोजी पाचव्या फेरीत एकाच डाव्या हुकने त्यांनी फुलमरला आडवे केले. त्याआधी फुलमरला कुणीही नॉकआउट केले नव्हते. मागे सरकता सरकता मारलेला हा ठोसा बॉक्सिंगच्या इतिहासातला सर्वांत निर्दोष ठोसा आहे, असे अनेक जाणकार मानतात. त्याच सप्टेंबरमध्ये कार्मेन बॅसिलिओकडून ते हरले आणि मार्च १९५८ मध्ये त्याच्याकडून किताब परत घेतला. मिडलवेटचे जगज्जेतेपद पाचव्यांदा, वय ३६.

तराजू कोणता?

आता मूळ वादाकडे येऊ. सर्वश्रेष्ठ कसा ठरवायचा?

पहिली पद्धत पराभव मोजण्याची. मग रॉकी मार्सियानो पहिले, ४९ लढती आणि ४९ विजय. किंवा अलीकडचे फ्लॉइड मेवेदर, ५० पैकी ५०. रॉबिन्सन यांचे पराभव तर १९ आहेत. पण थांबा. रॉबिन्सन ५० लढतींनंतर निवृत्त झाले असते तर त्यांच्या नावावर एकच पराभव असता, १३० नंतर थांबले असते तरीही एकच. १९ पैकी बहुतेक पराभव पस्तिशीनंतरचे आहेत. जो जास्त काळ आणि जास्त वेळा परीक्षेला बसतो, त्याच्याच उत्तरपत्रिकेत चुका जास्त दिसतात. शून्य पराभव ही मोठी गोष्ट आहे, पण तेवढी एकच मोजपट्टी पुरत नाही.

दुसरी पद्धत म्हणजे किताब किती काळ राखला. इथे जो लुई पुढे : १९३७ ते १९४९ जगज्जेते आणि २५ वेळा किताब राखला. तिसरी म्हणजे किती गट जिंकले. इथे हेन्री आर्मस्ट्राँग : १९३८ मध्ये एकाच वेळी तीन गटांचे जगज्जेते, तेही सगळे मिळून आठच गट होते तेव्हा. आज गट सतरा आणि किताब देणाऱ्या संघटना अनेक. त्यामुळे आजचे तीन किताब आणि तेव्हाचे तीन किताब एका मापाचे नाहीत.

चौथी पद्धत म्हणजे हरवले कुणाला. पाचवी, खेळाचा दर्जा डोळ्यांनी पाहून ठरवणे. पण हॅरी ग्रेबसारख्या जुन्या महारथीच्या लढतीचे चित्रीकरणच उपलब्ध नाही. रॉबिन्सन यांच्याही ऐन उमेदीच्या, वेल्टरवेटच्या काळातल्या फारच थोड्या फिल्म उरल्या आहेत. आपण बघतो ते बहुतेक तिशीतले रॉबिन्सन. आणि तरीही बघणारा थक्क होतो.

यातून एक जुना वाक्प्रचार पुढे आला : ‘पाउंड फॉर पाउंड’. पाउंड म्हणजे वजनाचे माप. सगळ्यांचे वजन सारखे आहे असे मनात धरायचे आणि मग कसब तोलायचे. नाहीतर हेवीवेटच नेहमी जिंकणार, कारण ९५ किलोच्या माणसापुढे ६७ किलोचा माणूस टिकणार कसा? कुस्तीच्या मैदानात वजनगट का असतात हे आपल्याला माहीत आहे, तसेच हे. हा वाक्प्रचार रॉबिन्सन यांच्यामुळे घरोघरी पोहोचला. दोन्ही हातांत नॉकआउटची ताकद, मागे जाताना आणि पुढे येताना सारखाच अचूक मारा, नर्तकाचे पाय, लोखंडी जबडा, आणि हरल्यावर त्याच माणसाला परत गाठून हरवण्याची जिद्द. एकेका गुणात त्यांच्यापुढे कुणीतरी असेल. पण सगळे गुण एका माणसात इतक्या प्रमाणात दुसरीकडे सापडत नाहीत. म्हणूनच ‘द रिंग’ या बॉक्सिंगच्या प्रसिद्ध मासिकाने २००२ मध्ये मागच्या ८० वर्षांतल्या बॉक्सरांची यादी केली, तेव्हा पहिले नाव रॉबिन्सन यांचे होते.

अली आणि रॉबिन्सन

१९६० मध्ये रोम ऑलिम्पिकला निघालेला १८ वर्षांचा कॅशियस क्ले न्यूयॉर्कमध्ये थांबला. तेव्हा अली हे नाव अजून यायचे होते. तो हार्लेममध्ये रॉबिन्सन यांच्या हॉटेलाबाहेर तासन् तास उभा राहिला. एकदा भेटावे, सही घ्यावी, एवढीच इच्छा. रॉबिन्सन आले, घाईत होते, पोराला दोन शब्दांत कटवले आणि निघून गेले. तो मुलगा फार दुखावला. आपण मोठे झालो तर चाहत्याला असे कधीही परत पाठवायचे नाही, असे त्याने ठरवले. पुढे अली विमानतळांवर आणि रस्त्यांवर तासन् तास सह्या देत उभे राहत, त्याचे मूळ इथे आहे.

पण राग धरला नाही. सुवर्णपदक मिळाल्यावर क्लेने त्याच रॉबिन्सनना आपले प्रशिक्षक होण्याची विनंती केली. ते स्वतः अजून लढत होते, म्हणून जमले नाही. फेब्रुवारी १९६४ मध्ये सोनी लिस्टनविरुद्धच्या लढतीच्या वेळी मात्र रॉबिन्सन मायामीत क्लेच्या बाजूने हजर होते. अलींच्या कोपऱ्यात ओरडून ओरडून हिंमत देणारे बंडिनी ब्राउन आधी रॉबिन्सन यांच्याच ताफ्यात होते. आणि अलींची ती हलती पावले, लांबून येणारा डावा जॅब? उस्ताद कोण हे वेगळे सांगायला नको.

धर्म आणि राजकारणात दोघांच्या वाटा वेगळ्या राहिल्या. अलींनी १९६७ मध्ये सैन्यभरतीला नकार देऊ नये, त्यांचे सगळे नुकसान होईल, असे रॉबिन्सनना वाटत होते आणि त्यांनी तसे समजावूनही पाहिले. अलींनी ते ऐकले नाही. किताब गेला, परवाना गेला, ऐन पंचविशी ते अठ्ठाविशीची वर्षे गेली. १९७१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. उस्तादाचा सल्ला व्यवहाराचा होता आणि शागीर्दाने तो न मानल्यामुळेच जग त्याला बॉक्सिंगच्या बाहेरही ओळखते.

उर्दूत दोन शब्द आहेत, माहिर आणि अझीम. माहिर म्हणजे आपल्या कलेत निपुण. अझीम म्हणजे ज्याची थोरवी त्या कलेच्याही पलीकडे जाते. आपल्या घरातला वाद बहुतेक वेळा हे दोन शब्द एकमेकांत मिसळल्यामुळे होतो. रिंगच्या आतले कसब मोजायचे असेल तर आमच्या मते पहिले रॉबिन्सन, आणि याला साक्ष दुसऱ्या कुणाची नाही, अलींची आहे. एखाद्या खेळाडूने जगावर काय परिणाम केला हे मोजायचे असेल तर अलींच्या जवळपासही कुणी नाही. आपल्या माणसाला न शोभणारा नंबर देऊन त्याचा मान वाढत नाही. इन्साफ आपल्या माणसाच्या बाबतीतही करावा लागतो. अलींनी तो स्वतःच्या बाबतीत केला, म्हणून ते आणखी मोठे वाटतात.

शेवटची वर्षे

रॉबिन्सननी सुमारे चाळीस लाख डॉलर कमावले आणि जवळजवळ सगळे उडवले. दानतही होती. १९५० मध्ये एका लढतीच्या मानधनातला फक्त एक डॉलर ठेवून बाकी सगळी रक्कम त्यांनी कर्करोगाच्या निधीला दिली. पण लवाजमा, गाड्या, फसलेले धंदे आणि कराची थकबाकी यांत पैसा वाहून गेला. घरातही सगळे गोड नव्हते. आईवर वडिलांचा हात उठत असे, असे त्यांच्या मुलाने पुढे जाहीरपणे सांगितले. माहिर असणे म्हणजे घरी चांगले असणे नव्हे.

पैशांसाठी ते चव्वेचाळिशीपर्यंत लढत राहिले, लहान लहान गावांत, थोड्या रकमेसाठी. १० नोव्हेंबर १९६५ रोजी पिट्सबर्गमध्ये शेवटची लढत हरले. महिनाभराने मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये त्यांचा निरोप समारंभ झाला. टर्पिन, ओल्सन, फुलमर, बॅसिलिओ हे जुने प्रतिस्पर्धी त्यांच्यासाठी रिंगमध्ये आले होते.

नंतर ते लॉस एंजेलिसला गेले. १९६९ मध्ये त्यांनी गरीब वस्तीतल्या मुलांसाठी एक संस्था काढली. तिथे वेगवेगळे खेळ होते, कला होती. पुढे धावण्यात जागतिक विक्रम करणारी फ्लोरेन्स ग्रिफिथ जॉयनर लहानपणी याच संस्थेतून पुढे आली. पण या संस्थेत बॉक्सिंग शिकवले जात नसे.

शेवटी अल्झायमर झाला. ज्याच्या लढती जग आठवत होते, त्याला स्वतःला त्या आठवेनाशा झाल्या. १२ एप्रिल १९८९ रोजी, वयाच्या ६७ व्या वर्षी, त्यांचा मृत्यू झाला. तोपर्यंत अलींचे हातही पार्किन्सनने थरथरू लागले होते.

आपल्या वस्त्यांमध्ये आता जिम आल्या आहेत, पंचिंग बॅग लटकल्या आहेत, मुले मोबाइलवर नॉकआउटच्या क्लिप बघतात आणि पहिला कोण यावर भांडतात. भांडू द्या, वादातूनच डोके चालते. फक्त वाद सुरू करण्याआधी मोजपट्टी कोणती ते त्यांना ठरवायला सांगा. आणि हेही सांगा की जगातल्या सर्वांत निपुण बॉक्सरने मुलांसाठी दार उघडले तेव्हा त्यांच्या हाती बॅट दिली, रंग दिले, धावायला मैदान दिले. ग्लोव्हज दिले नाहीत.